मातीच्या वाटीचा घाट

संजाणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या इराणी शरणार्थींची कथा आपल्याकडे लहानथोरांना ठाऊक आहे. जादी राण्याने दुधाने काठोकाठ भरलेले पात्र त्यांच्याकडे पाठविले. राज्यात आणखी माणसांना जागा नाही, असा त्याचा अर्थ होता. शरणार्थींच्या धर्मगुरूने त्या दुधात साखर विरघळविली आणि एक थेंबही न सांडता पात्र परत केले. बहमन कैकोबाद याने १५९९ साली रचलेल्या 'किस्सा-इ-संजान' ह्या फारसी काव्यात ही कथा नाही. ती लोकांच्या तोंडी वाढली आणि म्हणूनच टिकली. कथा सांगणारा दुधाचे वर्णन करतो, साखरेचे करतो. पात्राचे मात्र करीत नाही. परंतु त्या पात्राचा काठ सर्वत्र सारखा नसता, त्याची बैठक डळमळीत असती, तर 'काठोकाठ' ह्या शब्दाला अर्थच उरला नसता आणि राण्याचा निरोपही पोहोचला नसता. निरोप दुधाचा होता. तो वाहून नेला वाटीने.

संस्कृतात भांड्यालाही पात्र म्हणतात आणि योग्य माणसालाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात याचे कारण उघड आहे. जे धारण करावयाचे त्याला साजेसे असणे, हीच भांड्याची योग्यता आणि हीच माणसाचीही. मातीच्या वाटीचा आकार आणि माप कसे ठरवावे, हा प्रश्न वरवर गृहिणीचा किंवा कुंभाराचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर आपल्या लोकांनी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या दृष्टीने दिले. कधी अग्नीकडे पाहून दिले, कधी हाताकडे, कधी समुद्राकडे. आणि एका दीर्घ काळात, खेदाने म्हणावे लागते, शेजारच्या माणसाच्या जातीकडे पाहून दिले. ह्या उत्तरांचा इतिहास पाहिला म्हणजे आज आपण वाटी कशी निवडावी हेही पुष्कळसे उलगडते.

संजाणपासून सिल्वासा पायी एका दिवसाच्या वाटेवर आहे. दमणगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख १७८३ आणि १७८५ ह्या साली मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. इतका भाग वाचकांना परिचित असतो. त्याच्या पूर्वीचा, पोर्तुगीजांच्याही सहा-सातशे वर्षे आधीचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही; आणि तोच आपल्या विषयाला जवळचा आहे.

दहाव्या शतकात संजाण, म्हणजे त्या वेळचे 'संयान', हे राष्ट्रकूटांच्या राज्यातील एका मंडळाचे ठाणे होते. डहाणूजवळच्या चिंचणी येथे सापडलेले ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनी वाचून प्रसिद्ध केले, आणि त्यांतून एक विलक्षण गोष्ट उजेडात आली. दुसऱ्या कृष्णाने ह्या मंडळावर नेमलेला अधिकारी ताजिक, म्हणजे अरब होता. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमति' असे येते. मूळ नाव मुहंमद असावे असे विद्वान मानतात. ह्या अधिकाऱ्याने नदी ओलांडण्यासाठी फुकट नावा ठेवल्या आणि एक अन्नसत्र उघडले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळत असे. शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ च्या दानपत्रात भगवती देवीच्या मठिकेला, तिच्या नैवेद्याला आणि तेथील ब्राह्मणभोजनाला जमीन लावून दिल्याची नोंद आहे. अरब अधिकारी, राष्ट्रकूट राजा, भगवतीचे देवस्थान आणि पानावर वाढलेला भात, एवढे सगळे एकाच ताम्रपटात आले आहे. देवस्थानांचा इतिहास केवळ आक्रमणांचा मानणाऱ्यांनी हा लेख मुद्दाम वाचावा.

ताम्रपटाने अन्न सांगितले. भांडी जमिनीने सांगितली. २००२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत संजाण येथे उत्खनन झाले. आठव्या ते तेराव्या शतकापर्यंतच्या थरांत देशी लाल व काळ्या खापरांच्या जोडीला पश्चिम आशियातील निळसर हिरव्या झिलईची आणि चीनमधील भांड्यांची खापरे मोठ्या संख्येने मिळाली. एकाच बंदरात एकाच काळी तीन प्रकारची पात्रे वापरात होती. कुंभाराच्या चाकावरचे साधे मडके होते, इराणी आखाताकडून आलेले झिलईचे भांडे होते आणि दूर पूर्वेकडून आलेली चिनी मातीची वाटी होती.

ही चिनी वाटी समुद्रावरून कशी आली, हे समजण्यासाठी क्षणभर इंडोनेशियाकडे वळले पाहिजे. १९९८ साली बेलितुंग बेटाजवळ समुद्रतळाशी अरबी बनावटीचे एक बुडालेले गलबत सापडले. ते नवव्या शतकातले होते आणि त्यात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती. त्यांतील बहुसंख्य वाट्या चांगशा येथील भट्ट्यांत भाजलेल्या होत्या, आणि एका वाटीवर इसवी सन ८२६ शी जुळणारी चिनी तिथी कोरलेली होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ह्या वाट्या मोठ्या रांजणांत एकीत एक बसवून गोलाकार रचलेल्या होत्या. तशी रचना व्हावयाची तर प्रत्येक वाटीचे तोंड बुडापेक्षा बरेच रुंद हवे, भिंत तिरकी व सरळ हवी, आणि सर्वांची मापे जवळजवळ एक हवीत. म्हणजे ज्या हातांनी त्या वाटीतून भात खाल्ला, त्यांनी तिचा घाट ठरविला नव्हता. तो रांजणाच्या पोटाने आणि गलबताच्या तळाने ठरविला होता. आज घरोघरी दिसणारी, एकात एक बसणारी वाटी हिचे मूळ असे व्यापारात आहे.

आपल्या देशातील घाटांची कुळकथा याहून पुष्कळ जुनी आहे. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली हसमुख सांकळिया व शांताराम भालचंद्र देव यांनी उत्खनन केले आणि त्या गावाचे नाव एका सबंध संस्कृतीला मिळाले. नेवासे, दायमाबाद, इनामगाव येथेही तीच भांडी सापडली. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० च्या सुमाराची ही पात्रे पातळ अंगाची, लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, आणि इतकी नीट भाजलेली आहेत की टिचकी मारली असता धातूसारखी वाजतात. त्यांत दोन घाट पुन्हापुन्हा येतात. एक तोटीचे भांडे. दुसरी अशी वाटी की जिच्या अंगाला मधोमध कोनासारखी मोड आहे. तळाचा भाग पसरट आणि वरची भिंत उभी. पुष्कळांना ही मोड केवळ शोभेची वाटते. परंतु अशी वाटी तळहातावर घेऊन पाहावी. तळाचा पसरट भाग तळव्यात बसतो, बोटे मोडीखाली आपोआप अडकतात, आणि उभी भिंत पातळ पदार्थ हिंदकळू देत नाही. कान किंवा मूठ नसलेल्या भांड्याला धरण्याची सोय त्या एका मोडीने झाली आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याने घाट ठरविला तो हाताकडे पाहून.

यज्ञातील मृत्पात्रांचा विचार ह्याहून वेगळा. तेथे घाट ठरतो तो अग्नीकडे आणि विधीकडे पाहून. अग्निहोत्राचे दूध तापविण्याची स्थाली चाकावर फिरविलेली नसावी, हातांनी घडविलेली व उभ्या भिंतीची असावी, असे मैत्रायणी संहिता सांगते. पुरोडाश भाजण्यासाठी मातीची कपाले मांडतात. अग्नीच्या पुरोडाशाला आठ आणि वैश्वानराच्या पुरोडाशाला बारा, अशी त्यांची संख्या ठरलेली आहे. प्रवर्ग्य विधीतील महावीर हे पात्र तर मृत्पात्रांचा राजाच म्हणावे. मातीत वारुळाची माती, डुकराने उकरलेली माती, बकरीचे केस अशी द्रव्ये मिसळावयाची, टीचभर उंचीचे व मध्ये आवळलेले पात्र हातांनी घडवावयाचे, घोड्याच्या लिदीने धुपवून ते भाजावयाचे आणि मग त्यावर बकरीचे दूध शिंपावयाचे. अशी तीन पात्रे करतात. ह्या पात्रात तूप उकळते आणि त्यात दूध ओतताच ज्वाळा वर उसळते. हा विधी ध्यानात घेतला म्हणजे आकाराचे रहस्य कळते. उकळत्या तुपाला पसरट, पातळ वाटी चालणार नाही; उंच, जाड आणि कमरेत आवळलेले पात्रच हवे. एक फुटले तर विधी अडू नये म्हणून आणखी दोन हाताशी असावीत, हेही व्यवहाराला धरूनच आहे. श्रद्धेच्या भाषेत सांगितलेला तो कुंभारकामाचा नियमच आहे.

विशेष असे की, चाक ठाऊक असूनही विधीसाठी हाताच्या घडणीचा आग्रह धरला गेला. चाकावर पात्र लवकर होते, एकसारखे होते. हाताने घडविलेल्या पात्रात घडविणाऱ्याचा वेळ आणि लक्ष ही दोन्ही राहतात. यंत्राच्या काळात हस्तकलेच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, त्याचे बीज इतके जुने आहे.

गावगाड्यात कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. वर्षभर लागणारी भांडी त्याने पुरवावयाची आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यावयाचे, अशी रीत होती. त्यामुळे एकेका मडक्याला किंमत नसे. माप आणि घाट मात्र रूढीने ठरलेले असत. संक्रांतीचे सुगड केवढे, घटस्थापनेचा घट केवढा, गौरीहरापाशी मांडावयाच्या बोळक्यांची उतरंड कशी, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. कुंभाराच्या हाताला ते पाठ होते. उतरंड हा शब्दच पाहा. खालचे मडके सर्वांत मोठे आणि वरचे सर्वांत लहान. प्रत्येकाचे बूड खालच्याच्या तोंडात बसले पाहिजे. म्हणजे एक मडके घडविताना कुंभाराच्या मनात साऱ्या रांगेचे माप असावयाचे. गोमंतकात कालवणाचे रुंद तोंडाचे कुंडलें वेगळे आणि आटोपशीर अंगाचा बुडकुलो वेगळा. घुमट तर मातीचाच, परंतु त्याचा घाट कानाने पारखला जातो. मोठ्या तोंडावर चामडे आणि दुसरे लहान तोंड उघडे. पोट थोडे कमीजास्त झाले की आरतीच्या सुवारीतला नाद बदलतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपडीचे चामडे वर्ज्य झाले आणि बकरीचे आले. मातीच्या घाटाला मात्र अद्याप पर्याय सापडलेला नाही.

आता त्या अप्रिय उत्तराकडे वळू. मृत्पात्र विटाळले तर ते पुन्हा भाजून शुद्ध होते. परंतु मद्य, मूत्र, थुंकी, रक्त इत्यादींचा स्पर्श झाला असता पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही, असे मनुस्मृती सांगते. आरोग्याच्या दृष्टीने ह्यात काही अर्थ होता. बिनझिलईची भाजलेली माती सच्छिद्र असते. तिच्यात शिरलेली घाण धुऊन जात नाही. तांब्या-पितळेचे भांडे राखेने आणि चिंचेने घासले की लख्ख होते. मडके तसे होत नाही. परंतु हा नियम मातीपुरता राहिला नाही. तो माणसाला लागू झाला. अमुक माणसाने पाणी प्यालेले मडके फोडावे, तमुकाला पाणी वरूनच ओतावे, असे सुरू झाले. पेशवाईच्या राजधानीत अस्पृश्याला थुंकी धरण्यासाठी गळ्यात मातीचे मडके बांधून फिरावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ह्या १९३६ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. ज्या मातीतून महावीर घडला, तिच्यातूनच हे मडके घडले. घाट कुंभाराने दिला असेल. माप समाजाने दिले.

झिलईच्या भांड्यांबद्दलचा आपला जुना संशयही येथूनच आला. 'पिंगाणी' हा शब्द फारसीतल्या 'पिंगान'वरून आला आहे. पिंगान म्हणजे वाटी. इराणात भोक पाडलेली अशीच वाटी पाण्यावर सोडून शेताच्या पाण्याच्या पाळ्या मोजीत. आपल्या घटिकापात्राचा प्रकार तोच, आणि 'घटका' हा आपला शब्दही घटापासूनच झाला. अशी ही वाटी कालमापनात नात्याची. परंतु स्वयंपाकघरात तिला थारा मिळेना. ती पुन्हा भाजून शुद्ध करता येत नाही आणि धातूही नाही, मग तिला कोणत्या नियमात बसवावयाचे, हा शास्त्र्यांपुढे पेच होता. पुष्कळ घरांत काचेच्या व चिनी मातीच्या कपबशा स्वयंपाकघराबाहेरच्या फडताळात असत, त्याचे कारण हेच.

हा पेच १८९० साली पुण्यात चव्हाट्यावर आला. पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही त्यांत होते. तेथे चहा देण्यात आला. कोणी प्याले, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, आणि रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. हिंदुस्थानातील अव्वल बुद्धीची माणसे दोन वर्षे एका पेल्यावरून वाद घालीत होती. आज ह्याचे हसू येते. परंतु त्या पेल्यात चहा थोडा आणि समाजाची भीती पुष्कळ होती, हे विसरून चालणार नाही.

कायद्याच्या अभ्यासकाला ह्या साऱ्याचा निकाल कोठे लागला ते ठाऊक असते. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली हे सर्वश्रुत आहे. त्यानुसार झालेला १९५५ चा कायदा, जो पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला, त्याचे चौथे कलम मात्र कमी लोकांनी वाचलेले असते. उपाहारगृह, धर्मशाळा, सराई अशा ठिकाणी सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला मज्जाव करणे हा त्या कलमाने अपराध ठरविला आहे. विधिमंडळाला कायद्यात भांड्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, ह्यातच मागच्या इतिहासाची कबुली आहे. आणि त्या उल्लेखामुळेच वाटीच्या निवडीचा प्रश्न पुन्हा आपल्या मूळ जागी आला. तो पुन्हा हात, अग्नी आणि अन्न ह्यांचा झाला.

तेव्हा आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट मापाची, कारण डोळा येथे हमखास फसतो. वाटी अर्धगोलाकार आहे असे धरू. आतला व्यास ८ सेंटिमीटर असेल तर तीत सुमारे १३४ मिलिलिटर मावते. १० सेंटिमीटर असेल तर २६२, आणि १२ असेल तर ४५२. म्हणजे व्यास अवघा दोन सेंटिमीटरने वाढला की वाटी जवळजवळ दुप्पट झाली. दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन वाट्या 'थोड्याच लहानमोठ्या' दिसतात. पंक्तीला वाढताना पातेले अर्ध्यावरच संपते, ते ह्यामुळे. शिवाय वाटी कोणी काठोकाठ भरीत नाही. उंचीचा चौथा हिस्सा रिकामा सोडला तर अर्धगोल वाटीचे तिसऱ्या हिश्शाहून अधिक माप जाते, कारण वरचा भागच सर्वांत रुंद असतो. म्हणून १० सेंटिमीटरच्या वाटीत प्रत्यक्षात सुमारे १६५ मिलिलिटर आमटी वाढली जाते, आणि ८ च्या वाटीत सुमारे ८५ मिलिलिटर खीर. जेवणाला पहिली, प्रसादाला दुसरी.

दुसरी गोष्ट कुंभाराला सांगावयाची. ओली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. प्रत्येक मातीची ओढ वेगळी. परंतु लांबीचा दहावा हिस्सा जातो असे धरले, तर धारणेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग जातो. म्हणून चाकावरची ओली वाटी पाहून 'एवढीच हवी' असे म्हणू नये. भाजून तयार झालेली नमुन्याची वाटी हाती द्यावी आणि तिच्यात पाणी ओतून माप ठरवावे. १० सेंटिमीटरची पक्की वाटी हवी असेल तर चाकावर ती ११ हून थोडी अधिक असावी लागते. कुंभाराला हे सांगावे लागत नाही. मागणाऱ्याला सांगावे लागते.

तिसरी गोष्ट घाटाची. ताक, सोलकढी, पेज ह्यांसारखे ओठाला लावून प्यावयाचे पदार्थ असतील तर काठ किंचित बाहेर वळलेला आणि पातळ असावा. धार तुटते, ओघळ वाटीच्या अंगावरून उतरत नाही. आमटी-कालवणाला काठ उभा किंवा जरासा आत वळलेला बरा, म्हणजे वाढताना हिंदकळत नाही. दही लावावयाची वाटी उभ्या भिंतीची आणि बिनझिलईची असावी. माती पाणी शोषते आणि दही घट्ट लागते. बैठक तोंडाच्या साधारण निम्मी असावी. त्याहून लहान असेल तर वाटी कलंडते; फार मोठी असेल तर जड होते आणि बोटांना तिच्या खाली शिरता येत नाही. विस्तवावर ठेवावयाच्या भांड्याला मात्र सपाट बूड नको, गोल हवे. सपाट बुडाच्या कोपऱ्यात उष्णतेचा ताण साचतो आणि भांडे तेथेच तडकते. आपली मडकी गोल बुडाची झाली आणि तीन दगडांच्या चुलीवर किंवा चुंबळीवर बसली, ती केवळ परंपरेने नव्हे.

चौथी गोष्ट झिलईची. गावच्या आव्यात माती साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत तापते. ती सच्छिद्र राहते. कोरडा प्रसाद, दही, पाणी ह्यांना ती उत्तम; तेलकट-आंबट पदार्थ रोज वाढून पुन्हा वापरण्यास ती योग्य नाही. बाराशे अंशांच्या वर भाजलेली दगडी मातीची भांडी पाणी पीत नाहीत आणि वर्षानुवर्षे टिकतात. मधला प्रकार धोक्याचा. कमी उष्णतेवर वितळावी म्हणून झिलईत शिसे घातलेले असते. चिंच, कोकम, ताक, लोणचे ह्यांच्या आंबटपणाने ते शिसे अन्नात उतरते. आपले अन्न बहुतेक आंबटच. म्हणून अन्नासाठी घ्यावयाच्या झिलईच्या वाटीबद्दल विक्रेत्याकडून शिसेविरहित असल्याची लेखी ग्वाही घ्यावी. रंगाच्या लखलखाटावर विश्वास ठेवू नये.

ह्या सर्वांचा देवस्थानांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध अगदी जवळचा आहे. सिल्वासा आज कारखान्यांचे शहर आहे. १९६५ साली पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे आमली, मसाट, खडोली येथे सरकारी वसाहती आल्या, आणि प्लास्टिक व कृत्रिम धाग्यांचा मोठा उद्योग येथे वाढला. एका साच्यातून दिवसाला हजारो वाट्या पडतात. त्यांत एकीतही चूक नाही आणि एकीतही हात नाही. त्याच शहराच्या भोवतीच्या वारली व कोकणा पाड्यांत नागलीची भाकरी अजून मातीच्या तव्यावर भाजली जाते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे इत्यादींवर देशभर बंदी आली. बंदीमुळे एक गोष्ट गेली. तिच्या जागी दुसरी कोणती आणावी हे कायदा सांगत नाही. ते समाजाने ठरवावयाचे असते.

पुरीच्या जगन्नाथाचे उदाहरण ह्या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. तेथे महाप्रसाद आजही 'कुडुआ' ह्या मातीच्या भांड्यांत शिजतो. चुलीवर एकावर एक रचलेली भांडी, प्रत्येक भांडे एकदाच वापरावयाचे, आणि ती पुरविणारी कुंभारांची घराणी मंदिराच्या सेवेला बांधलेली. महाप्रसाद घेताना जातीचा विचार करीत नाहीत, ही तेथील जुनी ख्याती. म्हणजे मातीचे भांडे एकदाच वापरण्याची जी रीत आपल्याकडे विटाळाच्या कल्पनेला जाऊन मिळाली, तीच तेथे समतेच्या पंक्तीला उपयोगी पडली. दोष मातीचा नव्हता, हे ह्यावरून सिद्ध होते. २००४ साली रेल्वेने चहासाठी कुल्हड आणण्याचा प्रयत्न केला. तो सर्वत्र टिकला नाही, कारण मागणी एका हुकमाने आली आणि हुकूम सैल होताच ओसरली. देवस्थानाची मागणी तशी नसते. उत्सवाच्या तिथ्या पंचांगात ठरलेल्या असतात आणि दरवर्षी किती पाने होतात ह्याचा अंदाज पुजाऱ्याला असतो. कुंभाराला हवे असते ते एवढेच: किती, कोणत्या मापाची, आणि केव्हा.

तेव्हा देवस्थान समित्यांना एक साधी सूचना करावीशी वाटते. आपल्या उत्सवाच्या प्रसादासाठी एक माप ठरवावे. ८ सेंटिमीटर व्यासाची, उभ्या काठाची, बिनझिलईची वाटी खिरीला किंवा पंचखाद्याला पुरेशी आहे. तिचा भाजलेला नमुना देवळाच्या कोठीत जपून ठेवावा. मागणी उत्सवाच्या आठवड्यात नव्हे, तर आवा पावसापूर्वी पेटतो हे ध्यानात ठेवून उन्हाळ्यात नोंदवावी आणि निम्मे पैसे तेव्हाच द्यावेत. वापरलेल्या वाट्या गोळा करून कुटून झाडांच्या आळ्यांत घालाव्यात किंवा कुंभाराकडे परत द्याव्यात. भाजलेल्या खापरांचा चुरा नव्या मातीत मिसळला की ती कमी तडकते, हे त्याला ठाऊक असते. आणि पंक्तीत वाटी सर्वांना एकच, एकाच मापाची आणि एकाच हाताने वाढलेली असावी. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण बाकीच्या सर्व अटी वाटीच्या आहेत आणि ही आपल्या पात्रतेची आहे.